कार्टून बघून रडू येतं तेव्हा

सिनेमा बघून रडायची मला कधीच लाज वाटली नाही. आमच्या पिढीतल्या बायकांना ती वाटायचं कारणही नव्हतं. थिएटरात जाताना पर्समध्ये दोन रुमाल ठेवायची पद्धतच होती. पण कार्टून बघून रडले असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या वयाकडे बघतो आणि मग जरा काळजीने विचारतो, "बाई, तब्येत बरी आहे ना?" भिशीत तर हा विषय मी आता काढतच नाही. म्हणून इथे लिहिते.

माझं म्हणणं असं, की चांगल्या अ‍ॅनिमेशनपटातला दुःखाचा प्रसंग हा खऱ्या नटांच्या सिनेमातल्या प्रसंगापेक्षा जास्त खोल जातो. सगळ्याच नाही, चांगल्या. आणि त्याचं कारण लोक सांगतात ते नाही. "चित्र असलं तरी भावना खऱ्या असतात" वगैरे लोक म्हणतात, त्याने काहीच उलगडत नाही. भावना तर पोस्टाच्या तिकिटावरच्या चित्रातही खऱ्या असतील, म्हणून कुणी तिकीट बघून रडत नाही.

आता असं बघा. एखादा मोठा नट पडद्यावर रडतो तेव्हा आपण दोन गोष्टी एकाच वेळी करत असतो. एकीकडे त्या माणसाचं दुःख बघतो आणि दुसरीकडे मनात म्हणत असतो, काय काम केलंय! हा नट आपण आधी दहा सिनेमांत बघितलेला असतो, त्याच्या घरच्या भानगडी आपल्याला पाठ असतात. चित्रातल्या माणसाचं तसं नसतं. तो त्या सिनेमाच्या आधी कुठे नव्हता आणि नंतर कुठल्या साबणाच्या जाहिरातीत दिसणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर चार रेघा असतात, बाकीचं आपण भरतो. लहान मुलगी चिंधीच्या बाहुलीला दोन टिंबांचे डोळे काढते आणि म्हणते, "ती रडतेय." तिला ते दिसतं, कारण रडू तिनेच तिथे ठेवलेलं असतं.

पण हे अर्धंच झालं. दुसरं जे आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चित्र काढणाऱ्याला माहीत असतं, की आपल्याकडे नटाचे डोळे नाहीत. खऱ्या डोळ्यांत पाणी तरळलं की जे आपोआप होतं ते इथे होणार नाही. मग तो काय करतो? तो दुःख माणसाच्या चेहऱ्यावर न ठेवता एखाद्या वस्तूत ठेवतो. डबा, बरणी, टाय, फुगा, खुर्ची. शिवाय चित्रात कुठलीही गोष्ट चुकून येत नाही. खऱ्या चित्रीकरणात वाऱ्याने बट उडते, मागे कुणाचा तरी पडदा हलतो, ते कुणी ठरवलेलं नसतं. इथे मात्र टेबलावर कप असेल तर तो कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो, आणि त्याचा कान कुठल्या बाजूला हेसुद्धा ठरवलेलं असतं. वस्तू उगाच नाही हे आपल्याला नकळत कळतं, आणि आपण तिच्याकडे लक्ष देतो.

'अप' नावाचा सिनेमा २००९ साली आला. पिक्सार कंपनीचा, पीट डॉक्टर याने दिग्दर्शित केलेला. कान महोत्सवाचं उद्घाटन अ‍ॅनिमेशनपटाने व्हायची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या सुरुवातीला कार्ल आणि एली या जोडप्याचा सगळा संसार जेमतेम चार-साडेचार मिनिटांत येतो. एकही संवाद नाही, फक्त संगीत. लग्न होतं, मोडकळीला आलेलं घर दोघं मिळून दुरुस्त करतात, बाळासाठी खोली रंगवतात. मग पुढच्याच क्षणी दवाखाना. डॉक्टर काहीतरी सांगतायत आणि आपण ते लांबून, दारातून बघतोय. काय सांगितलं ते ऐकू येत नाही. ऐकायची गरजच नाही. आपल्याकडे याच प्रसंगात डॉक्टर चष्मा काढून पुसतात, नायिका किंचाळते आणि ढगांचा गडगडाट होतो.

पण मला रडू येतं ते तिथे नाही, बरणीपाशी येतं. दोघांना दक्षिण अमेरिकेतल्या एका धबधब्याला जायचंय, त्यासाठी ते काचेच्या बरणीत नाणी साठवतात. गाडीचं टायर फुटतं, बरणी फोडावी लागते. कार्लचा पाय मोडतो, पुन्हा बरणी. वादळात झाड घरावर पडतं, पुन्हा बरणी. आणि मध्येमध्ये एली त्याचा टाय बांधून देताना दिसते. टायचे रंग आणि नक्ष्या बदलत जातात, हात तेच. असे एकामागून एक टाय, आणि शेवटी दोघांचे केस पांढरे. धबधबा राहूनच जातो. तो कुणी अडवलेला नसतो, कुणी खलनायक नसतो. टायर आणि पाय आणि छप्पर, बस. मध्यमवर्गीय संसाराचं याहून खरं वर्णन मी कुठल्याही भाषेत बघितलेलं नाही, आणि मी आयुष्यभर मराठी शिकवलंय.

वस्तूंबद्दल एवढं खात्रीने का म्हणते, तर त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी आमचे हे गेले, मार्च महिन्यात. तेरा दिवस घरात माणसं होती, सगळे रडत होते आणि मी चहाची आधणं मोजत होते. लोकांना वाटलं, बाई फार धीराच्या. एप्रिलची एक तारीख उजाडली, म्हणून कालनिर्णयचं पान उलटलं. यांना कॅलेंडरवर सगळं लिहायची सवय. गॅस लावला, दूध नाही, पेपरचं बिल दिलं. एप्रिलच्या पानावर दोन नोंदी आधीच केलेल्या होत्या. मग मी उभ्या उभ्या पुढची सगळी पानं चाळली. नोव्हेंबरच्या एका चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विम्याचा हप्ता'. तिथे मी खाली बसले. गेलेला माणूस नोव्हेंबरची तजवीज करून गेला होता. कुणा नटीने रडून दाखवून मला ते कळलं नसतं. ते बारीक अक्षरातच होतं.

म्हणून बरणी फुटते तेव्हा मला ती पडद्यावरची बरणी वाटत नाही.

मराठी वाचकाला हे नवीन आहे असंही नाही. 'श्यामची आई' घ्या. आंघोळ झाल्यावर श्यामला ओल्या पायांना माती लागायला नको असते, म्हणून आई दगडावर आपलं लुगडं पसरते. मग आई सांगते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. मी हे किती वर्षं शिकवलं असेल! आणि दरवर्षी बघितलं, की वर्गातल्या मुलांचे डोळे भरतात ते दगडावरच्या लुगड्यापाशी. बोधाशी पोचेपर्यंत निम्मी मुलं सावरलेली असतात. परीक्षेत प्रश्न मात्र बोधावर. त्या ओल्या लुगड्याला दोन गुण द्यावेत असं प्रश्नपत्रिका काढणाऱ्या कुणाच्या मनात आलं नाही. आणि १९९१ सालचा तो 'माहेरची साडी', ज्याची आज सगळे थट्टा करतात (मीही रडले होते त्यात, उगाच खोटं कशाला बोलू), त्यालासुद्धा नावाला साडीच लागली. तेवढं त्यांना कळलं होतं. पुढे मग साडीवर विश्वास न ठेवता सगळ्यांना तीन तास रडायला लावलं, ते जास्त झालं.

न दाखवण्याची ताकद अ‍ॅनिमेशनवाल्यांना फार लवकर समजली. 'बॅम्बी' १९४२ चा. हरणाचं पाडस आणि आई बर्फातून पळतायत, मागे बंदुकीचा आवाज. पाडस सुखरूप पोचतं, वळून बघतं, तर आई नाही. ती पडलेली आपल्याला दाखवत नाहीत. नुसता पडणारा बर्फ आणि त्यात हाका मारत फिरणारं पिल्लू. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पण जगभरची म्हातारी माणसं अजून त्या प्रसंगाबद्दल बोलतात. त्यातलं मला एकच खटकतं. त्यानंतर लगेच वसंत ऋतू येतो आणि पाखरं गायला लागतात. निर्माते घाबरले असावेत, मुलं फार रडतील म्हणून. थोडा वेळ रडू द्यायला हवं होतं. १९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये बाप मेलेला सरळ दाखवलाय आणि छावा त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो. ते परिणाम करतं, नाही असं नाही, पण माझ्या मते बर्फ वरचढ.

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले तो सिनेमा. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', म्हणजे काजव्यांची कबर. जपानचा, १९८८ सालचा, इसाओ ताकाहाता या दिग्दर्शकाचा. हा माणूस स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामा शहरावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचला होता. गोष्ट अकियुकी नोसाका या लेखकाची, १९६७ मध्ये लिहिलेली. त्याची धाकटी बहीण १९४५ साली उपासमारीने गेली. गोष्टीतला भाऊ बहिणीला जीवापाड जपतो. आपण तसे वागलो नव्हतो, हे लेखकाने पुढे उघडपणे सांगितलं होतं. ज्याला हे माहीत आहे त्याने तो सिनेमा पुन्हा बघावा, सगळ्याचा अर्थ बदलतो.

सिनेमाच्या सुरुवातीलाच कळतं की चौदा वर्षांचा सेइता मरणार आहे. कोबे शहरातल्या स्टेशनवर खांबाला टेकून तो बसलाय, सप्टेंबर १९४५, युद्ध संपलेलं आहे. साफसफाई करणाऱ्याला त्याच्याजवळ गोळ्यांचा एक गंजका पत्र्याचा डबा सापडतो. तो डबा बाहेर गवतात भिरकावतो. झाकण उघडतं, आतून राख आणि हाडांचे बारीक तुकडे सांडतात, आणि गवतातून काजवे उडतात. त्या डब्यात काय होतं ते समजायला पुढचा सगळा सिनेमा बघावा लागतो.

तो डबा साकुमा ड्रॉप्सचा. रंगीत, फळांच्या चवीच्या गोळ्या. आपल्याकडे रावळगावच्या असायच्या तशाच समजा. चार वर्षांच्या सेत्सुकोसाठी तो खजिना. आई बॉम्बहल्ल्यात गेली, आईची किमोनो वस्त्रं तांदळासाठी विकली गेली, नातेवाईक बाई टोचून बोलायला लागली, तरी डबा हलवला की खुळखुळ आवाज येतो. मग गोळ्या संपतात. भाऊ डब्यात पाणी घालतो, हलवतो आणि तिला प्यायला देतो. तळाला चिकटलेल्या सगळ्या चवी त्या पाण्यात एकदम येतात आणि ती खूश होऊन चवींची नावं घेते. आणखी पुढे, उपासमारीने तिचं भान हरपत जातं तेव्हा ती तोंडात काहीतरी चघळत असते. भाऊ बघतो तर खेळायच्या काचेच्या चकत्या. आणि ती त्याच्यासाठी मातीचे लाडू वळून ठेवते, भात म्हणून. भातुकली प्रत्येक घरातली मुलगी खेळते. तिथे ती भातुकली राहिलेली नसते.

एका रात्री दोघं काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. सकाळी सगळे मेलेले. सेत्सुको खड्डा खणून त्यांना पुरत असते. भाऊ विचारतो, काय करतेस. ती सांगते, कबर करतेय, आईपण कबरीत आहे ना. आई गेल्याचं तो तिच्यापासून लपवत होता. तिला ते केव्हाच कुणीतरी सांगितलेलं. आतापर्यंत न रडलेला मुलगा इथे रडतो. मुलांपासून मरण लपवता येतं असं मोठ्यांना वाटतं, आणि मुलं गपचूप मोठ्यांनाच सांभाळून घेत असतात. हे मी वर्गात बघितलंय. घरात कुणी गेलं की मूल चार दिवसांनी शाळेत येतं आणि काहीच बोलत नाही, फक्त डबा खायचा थांबतो. आई विचारते, "याला कुणी काही सांगितलं नाही ना?"

खऱ्या मुलीला घेऊन हा सिनेमा काढला असता तर तो बघवला नसता. एक तर आपल्याला त्या बालकलाकाराची काळजी वाटली असती, हिला खरंच उपाशी ठेवलं की काय. किंवा मग ती नाटक करतेय हे दिसलं असतं, आणि चार वर्षांच्या मुलीने मरणाचं नाटक करणं हेच अंगावर आलं असतं. चित्रातल्या सेत्सुकोला कुणी उपाशी ठेवलेलं नाही, त्यामुळे आपण नजर वळवत नाही. शेवटपर्यंत बघतो. जाता जाता सांगते, लाल डब्यातल्या या गोळ्या करणारी जपानी कंपनी जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. बातमी वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. वास्तविक ती गोळी मी आयुष्यात कधी खाल्ली नाही.

"पण कार्टून हे मुलांसाठीच असतं हो," असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, हे कुणी ठरवलं? पडद्यावरच्या चित्राला हसायचं आणि घरातल्या देवाच्या तसबिरीपुढे डोळे पुसायचे, हे कसं काय? कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. समोर बसलेली माणसं ही मोठी, शेतकरी, कष्टकरी माणसं असायची. चित्रातल्या सीतेकडे बघून त्यांना "हे मुलांचं आहे" असं वाटलं नाही. दादासाहेब फाळक्यांनीही १९१५ च्या सुमाराला काडेपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. आणि एक गंमत सांगते. 'बॅम्बी'वर काम केलेल्यांपैकी क्लेअर वीक्स नावाचा चित्रकार १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. त्याच्या हाताखाली आपल्या लोकांनी १९५७ मध्ये जी फिल्म केली ती 'द बॅनियन डिअर', जातककथेतल्या हरणांच्या राजाची. गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा राजा. म्हणजे अमेरिकेतल्या जंगलात आई गमावलेल्या पाडसाची चित्रं काढून आलेला माणूस इथे आला, आणि इथे पुन्हा हरिणीचीच गोष्ट. सुरुवात अशी झालेली असताना पुढे आपण अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांना जेवताना समोर लावून द्यायची गोष्ट करून टाकली. मुलं गप्प बसावीत एवढाच तिचा उपयोग. असो, हा रागाचा विषय आहे, लांबेल.

पीट डॉक्टरचाच दुसरा सिनेमा, 'इनसाइड आउट', २०१५ चा. एका मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच त्यातली पात्रं, आनंद, दुःख, राग वगैरे. आनंद सगळीकडे पुढेपुढे करते आणि दुःखाला कोपऱ्यात उभं करते. एका प्रसंगात त्या मुलीच्या लहानपणीच्या काल्पनिक मित्राची खेळण्यातली गाडी खोल दरीत फेकली जाते (पुन्हा वस्तूच, बघा). तो खचून बसतो. आनंद त्याला हसवायला बघते, गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते. काही उपयोग नाही. मग दुःख त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि म्हणते, तुझी गाडी गेली, तुला फार आवडायची ना ती. तो रडतो, आठवणी सांगतो आणि मग आपणहून उठतो.

भेटायला येणाऱ्यांसाठी हा प्रसंग शाळेत शिकवायला हवा. माझ्याकडे तेव्हा जे आले त्यातले बहुतेक "सावरा", "मन रमवा", "त्यांना त्रास झाला नाही हे नशीब" असं म्हणून गेले. चांगली माणसं, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एकटी शेजारची मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, येऊन बसली आणि म्हणाली, "काका सकाळी गॅलरीत रेडिओ लावायचे ना, आवाज येत नाही आता." एवढंच. मला ती अजून आठवते, बाकीच्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून गेलेत.

एका बाबतीत मात्र माझं पीट डॉक्टरशी पटत नाही. 'अप'च्या उत्तरार्धात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कार्ल, फुगे बांधून उडवत आणलेलं घर पुन्हा वर जावं म्हणून त्यातलं सामान बाहेर फेकतो. दोघांच्या त्या दोन खुर्च्या डोंगरावर शेजारी शेजारी ठेवलेल्या राहतात, आणि घर वर उचललं जातं. शेवटी तर घरही हातचं सुटतं आणि तो म्हणतो, घरच तर होतं. सुंदर आहे, तिथेही मी रडले. पण हे तितकंसं खरं नाही. निदान माझ्यासाठी नाही. सिनेमावाल्यांना दीड तासात माणूस मोकळा करून दाखवायचा असतो. पहिल्या चार मिनिटांत बरणी, टाय आणि खुर्ची यांना एवढा जीव दिल्यावर शेवटी "वस्तूच तर आहेत" म्हणायचं, हे मला ऐकवत नाही. ते कॅलेंडर मी रद्दीत दिलेलं नाही आणि देणारही नाही. त्याने माझं घर काही जमिनीला खिळून राहिलेलं नाही. मी प्रवासाला जाते, भिशीला जाते, सिनेमे बघते.

कुणी विचारतं, यातलं काय बघू आणि नातवंडांना काय दाखवू. 'अप' आणि 'इनसाइड आउट' कुणालाही, फक्त शेजारी बसा आणि मोबाइल लांब ठेवा. काजव्यांचा सिनेमा पाच-सहा वर्षांच्या मुलांना नको, आठवी-नववीच्या मुलांना जरूर, आणि नंतर लगेच "काय शिकलास?" असं विचारू नका. तो जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ ला लागला तेव्हा त्याच्या जोडीला, एकाच तिकिटात, हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' होता. त्यातही आई दवाखान्यात आहे आणि धाकटी मुलगी मक्याचं एक कणीस छातीशी धरून तिला द्यायला एकटीच निघते. कणीस खिडकीत पोचतं, सालीवर 'आईला' असं कोरलेलं. दोन्ही बघणार असाल तर आधी काजव्यांचा बघा आणि मग टोटोरो. उलट केलंत तर रात्री झोप यायची नाही.